जिवंत माणसाचं ताट

३ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली आणि वर शाबासकी घेऊन आले.

सकाळचं रेटिंग मोबाइलवर आलं तेव्हाच कळलं होतं की आमच्या मालिकेची प्रमुख मिस ओदेत आज कुणाला तरी कच्चं खाणार. समोरच्या चॅनेलवरच्या जलपरीच्या मालिकेने आमच्या 'आंजेला'ला सलग तिसऱ्या आठवड्यात बुडवलंय. लेखकांच्या खोलीत मध्ये पान्सित नूडल्सचा थाळा होता आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं.

"सलोमेला घरातून का हाकललं?" मिस ओदेतने विचारलं. "साठ भाग झाले. थोरली सलोमे घराबाहेर, धाकटी आंजेला बापाच्या गळ्यातला ताईत. का? सांगा ना कुणीतरी!"

कुणालाच माहीत नव्हतं. 'पुढे बघू' म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

"चोरी," रिको म्हणाला.

"तुझ्या आजीची चोरी. चोरी नको, पोट राहिलं नको, इस्टेट नको. मला कुणाच्या तरी खऱ्या घरातलं हवंय. ज्याची लाज वाटते असं."

आणि मी तोंड उघडलं. सांगितलं की माझे आजोबा, आपोंग, लुळे पडले होते. त्यांच्या उशाशी संध्याकाळी बसायची आम्हा दोघी बहिणींची पाळी असे. पाळी जिची तिने आपला रुमाल खाटेच्या खांबाला बांधायचा, हा वडिलांचा, तातांगचा, नियम. ते मास्तर होते, त्यांचं सगळं नियमाने. एका संध्याकाळी उशाशी कुणीच नव्हतं. आपोंग पाणी घ्यायला वळले, पडले आणि गेले. खांबाला रुमाल होता मोठ्या बहिणीचा, मिन्याचा, तिला मी मानांग म्हणते. ती गेली होती बेन नावाच्या पोराला भेटायला.

"मग?" मिस ओदेत पुढे सरकली.

मग पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर समुद्रावर गेलं, आमच्याकडे जातात तसं. भाताच्या पेंढ्याची राख कालवलेल्या पाण्याने म्हाताऱ्या बायका एकेकाचे केस धुतात, म्हणजे मरण अंगावरून उतरतं. तातांगने मानांगला वाळूतच थांबवलं. म्हणाले, तुझ्या अंगावरचं तुझ्याच अंगावर राहू दे. आणि नवव्या दिवशी आपोंगच्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडलं. जिवंत मुलीचं आतांग, मेलेल्यांसाठी वाढतात तो नैवेद्य. मेलेल्यांसारखं, बिनमिठाचं.

 मग मिस ओदेतने माझा गालगुच्चा घेतला. "इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतंस गं हे?"

यात मी खोटं काय सांगितलं? काहीच नाही. रुमाल पिवळा होता, मानांगचाच होता, सगळ्या घराने पाहिला.

८ ऑगस्ट, बुधवार

गावाहून, काबुगावहून, आईचा फोन. हृदयाची झडप बदलायचं ठरलं. सहा नोव्हेंबर, इथे मनिलालाच. ती हे अशा सुरात सांगते जसा काही दात काढायचाय.

"त्याआधी एक तारखेला, मृतांच्या दिवशी तुम्ही दोघी मला एका टेबलाशी हव्यात," म्हणाली. "तू आणि मिन्या."

"मानांग येणार आहे का? तातांग गेले तेव्हासुद्धा फाटकातूनच परत गेली."

"फाटक उघडलं कुणी होतं?"

 फाटकाशी तेव्हा मीच उभी होते, पण माणसांची गर्दी होती, मला काय सगळं दिसतं?

चुलतभाऊ रुडी भाजीचा ट्रक घेऊन बागियोला जातो. मानांग तिथे शाळेचे गणवेश शिवते. त्याच्या हाती आईने निरोप पाठवला होता. उत्तर आलं ते असं: 'वेना फोन करेल तेव्हा येईन. काय म्हणायचं ते तिला माहीत आहे.'

"काय म्हणायचंय?" आईने मला विचारलं.

"मला काय ठाऊक! ती कायमची कोड्यात बोलते."

 आई म्हणाली, "बरं. माझी मालिका लागेल आता," आणि ठेवला फोन. मालिका लागायला अजून तीन तास होते.

१६ ऑगस्ट, गुरुवार

रोज भाग लिहायचा, सकाळी चित्रीकरण, दुसऱ्या दिवशी दाखवायचा. पानं ओली असतानाच सेटवर पळतात. मला यात मजा येते हे कबूल करायला हवं. मी या धंद्यात उगीच नाही आले.

कशी आले ते आठवलं आज. गावात टीव्ही एकाच घरी, शेजारच्या इकित लागरिंगकडे. इकित म्हणजे मावशी, पण ती साऱ्या गावाचीच मावशी. तिच्या खिडकीबाहेर पोरांची झुंबड. मी तेरा वर्षांची, हातात अर्धा पेरू. चाकाच्या खुर्चीतली नवरी भर लग्नात उठून उभी राहिली, आणि खिडकीबाहेरची तीसचाळीस माणसं एकदम ओरडली. माझ्या हातून पेरू पडला. तेव्हाच ठरवलं, माणसांना असं ओरडायला लावायचं.

त्याच गर्दीतून कुणीतरी पळत आलं होतं. घरी जा म्हणून. पण ते वेगळं.

३० ऑगस्ट, गुरुवार

जलपरी बुडाली! कालच्या भागाने तिला सहा गुणांनी मागे टाकलं. मिस ओदेतने सगळ्यांना आइसक्रीम दिलं.

एकच गोष्ट खटकते. लोक भलतीकडे झुकताहेत. सकाळी बाजारात मासळीवाली मला म्हणाली, "बाई, तुम्ही त्या मालिकेत असता ना? त्या सलोमेने काही नाही हो केलं. तिच्या डोळ्यांतच दिसतं."

"रुमाल तिचाच होता," मी म्हटलं.

"रुमालाला काय पाय असतात होय?" आणि हसत हसत खवले काढू लागली.

अडाणी बाई. पण मासे न घेताच घरी आले.

११ सप्टेंबर, मंगळवार

समुद्राच्या प्रसंगाचं चित्रीकरण, बातांगासच्या किनाऱ्यावर. राखेचं पाणी कसं करतात ते मी प्रॉपवाल्यांना दाखवलं. पेंढा जाळून कोमट पाण्यात कालवायचा, पहिली धार कपाळावर. वास नाकात गेला आणि डोळे झोंबले. धुरानेच.

सलोमेचं काम करणारी पिलार माझ्यापाशी आली. चांगली नटी आहे, पण प्रश्न फार विचारते.

"मिस वेना, बाप विचारतो पाळी कुणाची होती, आणि सलोमे गप्प. का?"

"दोषी आहे म्हणून."

"दोषी माणसं गप्प बसत नाहीत हो. माझा नवरा बघा, उशिरा आला की तासभर बोलतो." सगळे हसले. ती नाही हसली. "ती कुणाकडे बघते तेव्हा?"

मी म्हटलं, "कुणाकडे नाही. जमिनीकडे."

हे खरं नाही. मानांग माझ्याकडे बघत होती. तातांगने विचारलं, "पाळी कुणाची होती?" आणि ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खांबाकडे. आठवण म्हणून लिहून ठेवते, त्यातून काही सिद्ध होत नाही.

पिलारने शेवटी स्वतःच्याच मनाचं केलं. वाळूत बसून ती आंजेलाकडे बघत राहिली, रागाने नाही, लहान मुलाला ताप आल्यावर बघतात तशी. दिग्दर्शकाने कट म्हटलं नाही. कॅमेरावाला नाक पुसत होता. मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली.

२० सप्टेंबर, गुरुवार

समुद्राचा भाग आठवडाभर जाहिरात करून सोमवारी दाखवला. रेटिंग आजवरचं सगळ्यात वरचं. तीन दिवस आईच्या फोनची वाट पाहिली. नाही आला. आज मीच केला.

"पाहिलास भाग?"

"पाहिला. सगळी आळी पाहत होती. इकित लागरिंग रडली."

"आणि तू?"

"माझा भात लागला चुलीवर." मग जरा थांबून, "त्या दिवशी ओहोटी होती. तू भरती दाखवलीस."

"टीव्हीवर लाटा बऱ्या दिसतात."

"हो का. आणि पोरी, फोन केलास का मिन्याला?"

मी सांगितलं, काम फार आहे. खरंच आहे. आई म्हणाली, "काम कर हो," आणि त्यात टोमणा होता की माया ते मला चाळिसाव्या वर्षीही ओळखता येत नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

आज अक्षर वाईट येईल.

मिस ओदेत आज उड्या मारतच आली. पिलारने तिला विचारलं होतं की रुमाल खांबाला बांधला कुणी. "रुमाल कुणाचा हे आपण दाखवलं. बांधला कुणी हे दाखवलंच नाही! मुलांनो, आंजेलाने बांधला. पाळी आंजेलाची होती. आपली गोड, प्रार्थना म्हणणारी आंजेला!"

रिकोने टेबल बडवलं. कुणीतरी शिट्टी घातली.

मी म्हटलं, नाही. मी दोन तास नाही म्हणत होते. आंजेला नायिका आहे. प्रेक्षक तोंडात शेण घालतील. मालिकेला तिचं नाव आहे. मिस ओदेत प्रत्येकाचं उत्तर देत गेली.

शेवटी मी ओरडले, "तेरा वर्षांच्या पोरीला तुम्ही खुनी ठरवताय!"



"तेरा?" मिस ओदेत म्हणाली. "आंजेलाचं तेव्हाचं वय आपण कुठेच लिहिलेलं नाही, वेना."

कुणी माझ्याकडे बघेना. रिको पेनचं टोपण घालत होता, काढत होता.

मिस ओदेत वाईट बाई नाही. जाताना हळूच म्हणाली, "कबुलीचा भाग एकतीस तारखेला दाखवू, मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. तू लिही. तू नाही लिहिलास तर रिको लिहील, आणि त्याचं लिखाण तुला माहीत आहे."

५ ऑक्टोबर, शुक्रवार

तेरा वर्षांची होते. एवढंच म्हणणं आहे माझं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन मसुदे लिहिले. एकात रुमाल वाऱ्याने उडतो. एकात मोलकरीण चुकून बांधते. एकात आंजेलाला झोपेत चालायचा रोग. मिस ओदेतने तिन्ही माझ्यासमोर टोपलीत टाकले.

रुडीचा फोन आला. आईला आता जिना चढवत नाही, खालीच झोपते. मानांगची खबर विचारली. म्हणाला, शिवणाच्या दुकानात छोटा टीव्ही आहे, सगळ्या बायका 'आंजेला' बघतात.

"आणि मानांग?"

"ती पाठ करून बसते. मशीन मात्र बंद ठेवते तेवढा वेळ."

म्हणजे ऐकते. साऱ्या बागियोने, साऱ्या काबुगावने ऐकलं तरी मला चालेल, पण ती पाठ करून ऐकते हे मला सहन होत नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहून टाकला भाग. एका बैठकीत.

आता इथेही लिहिते, कारण तिथे लिहून इथे न लिहिणं म्हणजे शुद्ध नाटक.

पाळी माझी होती. माझा निळ्या चौकड्यांचा रुमाल खांबाला होता. नवरी खुर्चीतून उठणार हे आदल्या दिवसापासून माहीत होतं, आणि आपोंग झोपले होते. मी अर्ध्या तासात येणार होते. निरोप आला तेव्हा पळत आले. आपोंग जमिनीवर होते, हात पाण्याच्या घागरीकडे. घरात अजून कुणी पोचलं नव्हतं, नुसती शेजारीण अंगणात ओरडत होती. मी आधी आपोंगना हात लावला नाही. आधी माझा रुमाल सोडला. मानांगचा पिवळा दोरीवर वाळत होता, तो आणून बांधला. गाठ दोनदा सुटली.

मानांग आली ती खांबाकडे बघूनच समजली. तिने तातांगला सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं कदाचित. ती नाही बोलली. मी सत्तावीस वर्षं स्वतःला सांगत आले की बेनचं बिंग फुटेल म्हणून ती गप्प बसली. पण बेनचं तर सगळ्यांना माहीतच होतं.

आंजेलाला मी रडवलं आहे भरपूर. पाच पानांची कबुली. मिस ओदेत वाचून म्हणाली, "हे तुझं सगळ्यात चांगलं लिखाण आहे." मला आनंद झाला. अशी आहे मी.

२९ ऑक्टोबर, सोमवार

ठरवलंय. एकतीसला आईकडे जायचं, आणि भाग सुरू व्हायच्या आधी तिला माझ्या तोंडाने सांगायचं. दुखरं हृदय आहे, टीव्हीवरून कळायला नको. रजा मिळाली. बस पहाटेची.

३१ ऑक्टोबर, बुधवार

चार वाजता पोचले. आईचे पाय सुजलेत, पण स्वयंपाकघर सोडत नाही. उद्याच्या ताटांसाठी चिकट तांदूळ भिजत घातलेला. मी तिचा हात घेऊन माझ्या कपाळाला लावला, नमस्कार म्हणून.

"वाळलीस," म्हणाली. "मनिलाला जेवायला देतात की नुसत्या गोष्टी?"

पाच वाजता सांगणार होते, तर ती केळीची पानं पुसायला बसली. सहाला सांगणार होते, तर रुडी आला. साडेसहाला म्हटलं, "आई, जरा बाहेर बसू या का?" आणि अंगणात आळीतली माणसं खुर्च्या मांडायला लागलेली! आज कबुलीचा भाग, आणि लेखिका खुद्द हजर. इकित लागरिंगला दोघांनी धरून आणलं, ऐंशीच्या पुढे गेलीये. तिने माझी हनुवटी धरली. "माझ्या खिडकीतली पोर," म्हणाली, "कुठल्या कुठे गेली!"

मी टीव्हीची वायर काढायचा विचार केला, खोटं कशाला लिहू. प्लगपर्यंत हातही गेला होता. आई म्हणाली, "राहू दे. बस इथे."

आंजेला बोलली. पाळी माझी होती, रुमाल मी बांधला. अंगण पेटलं. "मेली सटवी!" "प्रार्थना म्हणायची नुसती!" "हिला समुद्रात बुडवा, केस धुवायला नको!" रुडीने चप्पल फेकून मारली पडद्याला. तीसचाळीस माणसं एका दमात ओरडत होती. मला हवं होतं तसंच.

आई ओरडली नाही. जपमाळेचा एकच मणी धरून बसली होती. इकित लागरिंगही नाही. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या.

जाहिराती लागल्यावर आई उठली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. ती पोर चांगलं बोलली."

'ती पोर.' मी तिथेच सांगायला हवं होतं. माणसं होती.

१ नोव्हेंबर, गुरुवार

दफनभूमीत मेणबत्त्या लावून आलो. आई ताटं वाढायला लागली. आपोंगचं, तातांगचं, आणि टेबलाच्या कडेला तिसरं, दरवर्षीसारखं. चिकट भात, अंडं, मांस, बासीचा, उसाच्या दारूचा, पेला. तातांग जाऊन नऊ वर्षं झाली तरी आईने हे तिसरं ताट मोडलं नव्हतं. मला वाटायचं, सवय.

आज जवळून पाहिलं. आईने मिठाच्या भांड्यातून चिमूट उचलली आणि तिसऱ्या ताटातल्या मांसावर भुरभुरवली.

"आई, मीठ?"

"तुझ्या मालिकेत चूक आहे," ती म्हणाली. "मिन्याच्या ताटात मी मीठ घालते. पहिल्या वर्षापासून. मेलेल्यांना मीठ चालत नाही. माझी मुलगी मेलेली नाही. तुझ्या तातांगला ते कधी कळलं नाही, पुरुष ताटं वाढत नाहीत."

मी खुर्ची धरली. म्हटलं, "आई, पाळी माझी होती."

"हो," आई म्हणाली.

"रुमाल मी बदलला."

"हो. लागरिंगने मला नवव्या दिवशीच सांगितलं होतं. तुमची धाकटी तर माझ्या खिडकीशी होती, म्हणाली. तुझा पेरू तिच्या पायरीवर पडला होता."

मला राग आला. खरंच, लाज नाही, राग आला. "मग तातांगला का नाही सांगितलंस?"

ती खाली बसली. श्वास लागला होता, पण बोलायची थांबली नाही. "त्यांचं ताट मांडून झालं होतं. ते शब्द मागे घेणारे नव्हते, आणखी एक ताट मांडलं असतं. मिन्या एकोणीसची, हातात शिवण. तू तेराची, रात्री अंथरूण ओलं करत होतीस. मी तोलून पाहिलं. आईने असं तोलू नये. पण मी तोललं." मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं वाट बघते की तू बोलशील. काल वाटलं बोललीस. पण ती टीव्हीतली पोर बोलली."

चुलीमागे भाताची एक नवी पेंढी उभी होती. मी ती दरवर्षी पाहते. कशाला ठेवलीये हे कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बागियोला फोन लावला. आईच्या समोर. पाच पानांची कबुली लिहिणारी मी, तोंडातून एक वाक्य निघेना. पलीकडे मशीन चालू होतं, ते बंद झालं.

"मानांग, मी वेना. पाळी माझी होती. रुमाल मी बदलला."

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाज म्हातारा झालाय. "आईला सांगितलंस?"

इथे मी थांबायला हवं होतं. हो म्हणून सोडायला हवं होतं. पण खोटं बोलायचा एवढा कंटाळा आला होता की सगळंच सांगून टाकलं. "आईला आधीच माहीत होतं."

"कधीपासून?"

"नवव्या दिवसापासून."

 फोन कट झाला.

मी आईकडे बघितलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी म्हटलं, "मी काय केलं हे! आता ती नाही यायची."

"बरं केलंस," आई म्हणाली. ओठ निळे पडले होते तिचे. "माझीही पाळी होतीच की."

२ नोव्हेंबर, शुक्रवार

बागियोची पहिली बस दहाला येते. कुणी उतरलं नाही. दुसरी एकला. नाही. रुडी म्हणाला, "मी ट्रक घेऊन जाऊ का?" आई म्हणाली, "नको. ओढून आणलेलं माणूस आलं असं होत नाही."

तिने तिसरं ताट उचलू दिलं नाही. आपोंग-तातांगची कालच मोडली. मांस नवं शिजवून त्यात घातलं, भात नवा. आई जरा पडली तेव्हा मी ताटाशी गेले. तिने मीठ घातलं की नाही मला दिसलं नव्हतं. विसरली असेल, आज तिचं लक्ष कुठे आहे. आणि एकदा तरी माझ्या हाताने पडावं असंही वाटलं. चांगली मोठी चिमूट घातली.

चारच्या बसचीही वेळ टळली. मी सहा तारखेच्या ऑपरेशनपर्यंतचे दिवस मोजत बसले होते, आणि आई परत आलीच नाही तर, असं मनात येत होतं. मानांगला फोनवर सगळं सांगून मीच दोघींना तोडलं की काय. 

पाच वाजता फाटक वाजलं.

मी पळत गेले. मानांग बाहेर उभी होती, केस पुरते पांढरे, हातात कापडी पिशवी. फाटकाला हात लावत नव्हती. मला कळलं ते. या वेळी मीच कडी काढली आणि बाजूला झाले. ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई दारात भिंतीला धरून उभी. मानांग तिच्यासमोर जाऊन थांबली.

"नऊ दिवस कळायला लागले," मानांग म्हणाली, "आणि बोलायला सत्तावीस वर्षं?"

"हो," आई म्हणाली. "माफ कर म्हणायला तोंड नाही मला. जेवायला वाढलंय, तेवढं म्हणते."

 मानांगची नजर स्वयंपाकघरात फिरली. चुलीवर, टेबलावर, चुलीमागच्या पेंढीवर.

"ती पेंढी कशाला?"

"तुझे केस धुवायचे राहिलेत."

मानांगने तोंडावर हात घेतला. तिला रडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, वाळूतसुद्धा नाही. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि कडेच्या ताटावर येऊन बसली. हाताने भात कालवला, मांसाचा तुकडा घेतला, तोंडात घातला.

तोंड वाकडं केलं.

"मीठ दुप्पट पडलंय," म्हणाली, आणि ताटावरून डोकं न उचलता, अगदी तातांगच्या सुरात विचारलं, "कुणी घातलं?"

आई माझ्याकडे बघत होती. मी खांबाकडे नाही बघितलं.

"मी, मानांग."

तिने मान वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला, भरून आण म्हणून, आणि पुढचा घास घेतला.